खडू कोणाच्या हाती?
(वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गात शिक्षकांचे साहाय्यक म्हणून काम करण्याविषयी एक अभ्यासलेख)

हायस्कूलच्या आठवी-नववीतील विद्यार्थ्याने गावच्या प्राथमिक शाळेत जाऊन गुरुजींच्या हाताखाली दुसरी-तिसरीच्या मुलांना वाचायला व गणित करायला मदत करावी काय, आणि केल्यास ती कशी करावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. येडशी व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील विद्यार्थी आणि संस्थेचे सभासद डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हे लिहीत आहोत. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, उद्या वर्गात उपयोगी पडेल अशाच बेताने लिहिण्याचा विचार आहे.

प्रथम 'मदत' या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे. 'गुरुजींना मदत' याचे आपल्या शाळांतून फार पूर्वीपासून दोन अर्थ झालेले आहेत. एक मदत म्हणजे हजेरी घेणे, फळ्यावर तारीख व सुविचार लिहिणे, वह्या गोळा करणे, पाढे म्हणवून घेणे. दुसरी मदत म्हणजे वर्ग झाडणे, सडा टाकणे, हॉटेलातून चहा आणणे, जाजम झटकणे. दोन्ही कामे मुलेच करीत. परंतु पहिले काम कोणत्या गल्लीतील मुलाला मिळे आणि दुसरे कोणत्या गल्लीतील मुलाला, हे मराठवाड्यातल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. उत्तर द्यायला त्यांना फार वेळ लागत नाही. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने शाळांसाठी 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' सुचविले. हेतू उत्तम होता, पण कित्येक ठिकाणी त्या तासालाही झाडूच हाती आला. झाडू वाईट नाही. सर्वांनी पाळीपाळीने वर्ग झाडला तर ते शिक्षणच आहे. प्रश्न एवढाच की, खडूचीही पाळी सर्वांना येते काय?

हा प्रश्न किती जुना आहे ते पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना एकदा शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलावले. त्याबरोबर वर्गात एकच गलका उडाला, कारण सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापाशी पोहोचण्याआधी मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले. धनंजय कीर यांनी चरित्रात हा प्रसंग दिलेला आहे. शिक्षकाने खडू देऊ केला होता, तरीही खडूपर्यंतचा रस्ता मोकळा नव्हता. म्हणून साहाय्यक विद्यार्थी हा विषय आमच्या मते शिक्षणशास्त्राचा आहे, तितकाच समाजाचाही आहे.

आता या पद्धतीचा इतिहास. तो मोठा रंजक आहे. आपल्याकडील जुन्या गावठी शाळांत एकच पंतोजी असे व निरनिराळ्या वयाची मुले एकत्र बसत. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवायची आणि पुढे गेलेल्या मुलाने मागच्याकडून घोकून घ्यायचे, असा क्रम असे. १७८९ मध्ये मद्रास येथे सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेची देखरेख अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. त्याने जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली आणि तीच युक्ती आपल्या शाळेत आणायचे ठरविले. मोठे शिक्षक तयार होईनात, तेव्हा त्याने जेमतेम आठ वर्षांच्या एका मुलावर अक्षरओळखीचा वर्ग सोपविला. तो चांगला चालला. मायदेशी परतल्यावर बेलने १७९७ मध्ये हा प्रयोग छापून प्रसिद्ध केला. १७९८ मध्ये लंडनला जोसेफ लँकेस्टर या तरुणाने गरीब मुलांसाठी शाळा काढून अशीच पद्धत फार मोठ्या प्रमाणावर राबविली. एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले, आणि मधे 'मॉनिटर' मुलांची फळी, असा तो प्रकार होता. पुढे १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने मराठी शाळांसाठी लँकेस्टरचीच पद्धत पसंत केली. म्हणजे येथून विलायतेला गेलेली गोष्ट विलायती शिक्का मारून परत आली. आमच्या वाडवडिलांना मात्र ती जाताना दिसली नाही आणि येतानाही दिसली नाही, कारण त्या धूळपाटीपाशी त्यांना बसूच दिले जात नव्हते.

ही पद्धत टिकली का नाही? स्वस्त म्हणून ती स्वीकारली गेली आणि स्वस्त म्हणूनच ती बिघडली. मॉनिटर मुलाला स्वतःला जे थोडे येई तेच तो पुढे घोकवून घेई. अर्थ सांगणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. शिक्षक नेमण्याचा खर्च वाचला, याचाच आनंद मोठा होता. इंग्लंडनेच १८४६ मध्ये निराळी व्यवस्था आणली. तेरा वर्षे पूर्ण झालेली निवडक मुले-मुली पाच वर्षांच्या उमेदवारीवर घ्यायची, त्यांना विद्यावेतन द्यायचे आणि त्यांचे स्वतःचे शिक्षण मुख्याध्यापकांनी चालू ठेवायचे. मूल दुसऱ्याला शिकवीत असताना त्याचे स्वतःचे शिकणे थांबता कामा नये, ही गोष्ट तेथे प्रथम नियमात आली. येडशीत कोणी असे काम सुरू करणार असेल तर त्याने हा नियम आधी पाठ करावा.

आपल्याकडे शिकता शिकता शिकविण्याचे सर्वांत मोठे उदाहरण सावित्रीबाई फुले यांचे आहे. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, आणि पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली १८४८ साली. म्हणजे त्या वेळी त्यांचे वय आजच्या अकरावी-बारावीतल्या मुलीएवढे होते. जोतीरावांनी सुरू केलेल्या शाळांतूनच मुक्ता साळवे ही मातंग समाजातील चौदा वर्षांची विद्यार्थिनी पुढे आली. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. चौदा वर्षांची मुलगी एवढे लिहू शकते हे पाहिल्यावर, नववीच्या मुलीला दुसरीच्या चार मुलांचे वाचन सोपवावे की नाही, अशी शंका घेण्याचे कारण उरत नाही.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट निराळी आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. खेड्यापाड्यांत शाळा उशिरा आल्या. येडशीजवळच्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला बाबासाहेब स्वतः आले होते, हे या भागातील जुन्या मंडळींच्या घरोघरी सांगितले जाते. त्या परिषदेला जाणाऱ्यांपैकी किती जणांना सही करता येत असेल? त्यांच्या नातवंडा-पणतवंडांपैकी आज कोणी शिक्षक आहेत, कोणी बँकेत आहेत. पण प्रत्येक घरात तसे झालेले नाही. ज्या घरात पुस्तकाला हात लावणारे पहिलेच मूल आहे, अशी घरे अजून आहेत, आणि त्यांतील बरीच कारखान्याच्या वाटेवर असतात.

धाराशिव-बीडकडील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. काही फडावर जातात. परत आलेले तिसरीचे मूल वर्गात बसते तेव्हा त्याची पाच महिन्यांची वही कोरी असते आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. गुरुजी काय करणार? बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरविले आहेत. म्हणजे दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. एका इयत्तेला पाठ देताना दुसरीला काहीतरी उतरवून काढायला लावणे भाग असते. मागे पडलेल्या चार मुलांजवळ बसून त्यांचे एकेक अक्षर तपासायला माणूसच शिल्लक नसतो. साहाय्यक विद्यार्थ्याचे खरे काम येथे आहे. वर्ग सांभाळणे हे त्याचे काम नव्हे. या चौघांजवळ बसणे हे त्याचे काम.

अशा बसण्याने काही फरक पडतो काय, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबईत 'प्रथम' या संस्थेने महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमण्यास सुरुवात केली. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील, बहुधा शालान्त शिक्षण झालेली तरुण मुलगी. तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण देत. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज सुमारे दोन तास वेगळी बसवून घेई आणि आधीच्या इयत्तांचे राहून गेलेले वाचन-गणित शिकवी. महिना पाचशे ते साडेसातशे रुपये तिला मिळत. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर दुफ्लो आणि ली लिंडेन यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथे या कामाची तपासणी केली आणि २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बालसखी असलेल्या शाळांतील मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले, आणि वाढ मुख्यतः बालसखीकडे बसणाऱ्या मागच्या मुलांचीच होती. मुख्य वर्गात संख्या कमी झाली म्हणून उरलेल्यांना फारसा लाभ झाला नाही. बॅनर्जी व दुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, म्हणून आता हे नाव पुष्कळांच्या कानावर आहे. आम्हाला महत्त्वाची वाटते ती साधी गोष्ट: बालसखीजवळ पदवी नव्हती. तिच्याजवळ वेळ होता, ठरलेले काम होते आणि समोर मोजकी मुले होती. त्या अभ्यासात असेही दिसले की, कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर मिळविलेला लाभ बराचसा ओसरला. चार महिने करून सोडून देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

बालसखी मात्र शाळा संपविलेल्या होत्या. शिकणाऱ्या मुलांनीच हे केले तर? अमेरिकेत टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरी १९८४ मध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. तेथे प्राथमिकच्या मुलांना शिकविण्यासाठी वरच्या वर्गातील मुले निवडली, पण निवड उलटी केली. हुशार मुले न घेता, जी शाळा सोडून देतील अशी भीती होती तीच घेतली. त्यांतील बरीचशी मेक्सिकोहून आलेल्या गरीब कुटुंबांतील होती. त्यांना कामाचा मोबदला दिला, आठवड्याला तास ठरवून दिले आणि कसे शिकवायचे हे वेगळ्या तासाला शिकविले. या मुलांचे शाळा सोडण्याचे प्रमाण त्यांच्यासारख्याच इतर मुलांपेक्षा फारच कमी राहिले. लहान मूल आपली वाट पाहत बसले आहे, ही गोष्ट त्यांना शाळेत ओढून आणी. अशा कामावरील ६५ अभ्यासांचा १९८२ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही शिकणाऱ्याबरोबर शिकविणाऱ्याची प्रगती झाल्याचे दिसून आले.

आम्हाला येथे एक मत ठामपणे मांडावयाचे आहे. साहाय्यक निवडताना पहिल्या तीन क्रमांकांच्या मुलांकडे आपोआप बोट जाते. ते टाळावे. नववीत जो गणितात कच्चा आहे, पण धाकट्या भावाला सांभाळताना चिडत नाही, तो तिसरीच्या गणिताला चांगला. एकतर तिसरीचे गणित त्याला येते. दुसरे असे की, न समजणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक असते. आणि तिसरीला समजावून सांगता सांगता त्याचे स्वतःचे पायाचे दगड पक्के होतात. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला पुष्कळदा समोरच्याला का येत नाही हेच कळत नाही, आणि तो उत्तर सांगून मोकळा होतो. ऊसतोडीच्या घरातील, आजीजवळ राहून शिकलेला मुलगा किंवा मुलगी मिळाली तर याहून चांगली निवड नाही.

आता प्रत्यक्ष पाठ. विद्यार्थी मित्रांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. समजा तुमच्यासमोरच्या मुलाने बेचाळीसातून सतरा वजा करून पस्तीस उत्तर काढले आहे. 'चूक' म्हणून फुली मारू नका. 'कसं केलंस ते सांग' असे विचारा. तो सांगेल, सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे त्याला वजाबाकी येते. मोठ्यातून लहान वजा करायचे एवढेच तो शिकला आहे. वरच्या दोनातून सात जात नाहीत तेव्हा काय करायचे हे त्याला कोणी दाखविलेले नाही. तुराट्यांच्या बारीक काड्या मोडून आणा. दहा-दहाचे चार गठ्ठे सुतळीने बांधा आणि दोन काड्या सुट्या ठेवा. मग म्हणा, यातून सात सुट्या काड्या मला दे. तो अडेल. थांबा. सांगू नका. बहुतेक मुले थोड्या वेळाने स्वतःच गठ्ठ्याकडे हात नेतात. गठ्ठा सुटला की बारा सुट्या काड्या होतात, सात दिल्यावर पाच उरतात. तीन गठ्ठ्यांतून एक दिला, दोन उरले. पंचवीस. हातचा म्हणजे हा सोडलेला गठ्ठा. असे तीन-चार वेळा काड्यांनी झाल्यावर मगच पाटीवर करायचे. काड्या नसतील तर चिंचोके चालतात, पण त्यांचे गठ्ठे बांधता येत नाहीत. दहा-दहा चिंचोके चिंधीत बांधावे लागतात.

वाचनाचेही तसेच. मूल 'क का कि की' घडाघडा म्हणते, म्हणून त्याला बाराखडी येते असे समजू नये. पुस्तकातील सुट्या 'की'वर बोट ठेवून विचारावे. पुष्कळ मुले 'क'पासून मनात म्हणत म्हणत तेथपर्यंत पोहोचतात. ती बाराखडी गातात, वाचत नाहीत. अशा मुलाला त्याच्या घरातले शब्द लिहून द्यावेत: काकी, कोयता, शिदोरी, भाकरी. त्याच्या तोंडची बोली प्रमाण भाषेपेक्षा वेगळी असेल तर तिला हसू नये. तो 'पानी' म्हणाला आणि पुस्तकात 'पाणी' असेल तर आधी त्याचे वाचन पुरे होऊ द्यावे. त्याच वस्तीतल्या मोठ्या मुलाला हे सांगावे लागत नाही, हा या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे.

व्यवस्थेसंबंधी थोडेसे. येथे प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची आणि हायस्कूल दुसऱ्या व्यवस्थापनाचे, असे असते. म्हणून दोन्ही मुख्याध्यापकांची संमती व पालकांची लेखी परवानगी आधी घ्यावी. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी चाळीस मिनिटे, एका साहाय्यकाकडे चारच मुले. त्याचा स्वतःचा एकही तास बुडता कामा नये. दहावीच्या मुलाला हे काम देऊ नये. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत कोणी आला नाही तर त्याला बोल लावू नये. त्याच्या घरी त्या वेळी रोजगार बुडविणे परवडत नाही. वर्गात गुरुजी किंवा बाई हजर असल्याच पाहिजेत. साहाय्यकाला मारण्याचा, कान पिळण्याचा, उठाबशा काढायला लावण्याचा अधिकार नाही. तो २००९ च्या कायद्याने शिक्षकालाही ठेवलेला नाही. हजेरीपट, पोषण आहाराचा हिशेब, माहितीचे तक्ते भरणे ही कामे त्याच्याकडे सोपवू नयेत. आणि साहाय्यक आहेत म्हणून रिकामी जागा भरली नाही तरी चालेल, असे कोणी म्हणू लागले तर संस्थेने त्याच दिवशी हे काम थांबवून आधी शिक्षकाची मागणी करावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही मुलांनी मुलांना शिकविण्याचा उल्लेख आहे, पण तो स्वेच्छेने व प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली, असाच आहे.

मुलींविषयी वेगळे लिहिणे जरूर आहे. घरी धाकटी भावंडे सांभाळून, पाणी भरून शाळेत येणाऱ्या मुलीला येथेही आणखी मुले सांभाळायला लावायची काय, असा आक्षेप एका मातेने आमच्याजवळ घेतला होता. तो बिनतोड आहे. त्यावर एवढेच करता येते की, मुलींना रडणारे मूल गप्प करण्याचे काम न देता गणिताचे काम द्यावे, आणि तितक्याच संख्येने मुलगेही घ्यावेत. मुली दोघी-दोघी जाव्यात व दिवसाउजेडी घरी पोहोचाव्यात.

मोबदला द्यावा की नाही, यावर संस्थेच्या सभासदांत मतभेद होतील. रोख रक्कम देण्यापेक्षा वह्या, परीक्षेची फी, आणि दूरच्या वस्तीवरून येणाऱ्याचे भाडे संस्थेने उचलावे असे आम्हास वाटते. फुकट राबविणे योग्य नाही, आणि मजुरीचा दर लावणेही योग्य नाही.

प्रत्येक साहाय्यकाजवळ एक शंभरपानी वही असावी. डाव्या पानावर तारीख, मुलाचे नाव व त्या दिवशी काय घेतले; उजव्या पानावर मूल कोठे अडले. गुरुजींनी महिन्यातून एकदा ती पाहून सही करावी. साहाय्यक दहावीत गेला की वही त्याने स्वतःजवळ ठेवू नये. नव्याने येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलाजवळ बसून, पहिली दहा पाने त्याला वाचून दाखवून ती त्याच्या हवाली करावी, म्हणजे फडावरून परतलेले मूल कोठपर्यंत आले होते हे नव्या साहाय्यकाला त्याच वहीत सापडेल.